न्हाणीघरात ऐकलेले पॉडकास्ट

फिल्म फोटोग्राफीवरच्या या पॉडकास्टांविषयीचे माझे मत ज्या जागेत घडले, ती जागा आधी सांगणे आवश्यक आहे. पुण्यातल्या आमच्या घरी दोन न्हाणीघरे आहेत. त्यांतल्या लहान न्हाणीघराच्या खिडकीला काळा पुठ्ठा लावला, दाराच्या फटीशी जुनी सतरंजी दाबून बसवली आणि वॉशिंग मशिनवर फळी टाकून तिच्यावर एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणारे यंत्र, चढवला, की रविवारी रात्री नऊ ते एक या वेळेपुरती ती माझी डार्करूम होते. डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारे द्रावण), स्टॉप बाथ (ती क्रिया थांबवणारे) आणि हायपो (प्रतिमा पक्की करणारे) यांचे तीन ट्रे फरशीवर ओळीने मांडलेले असतात, त्यामुळे सगळे काम पाटावर बसून करावे लागते. मंद लाल दिव्यात डोळ्यांना फारसे काही दिसत नाही, हात ओले असतात आणि पाय आखडलेले असतात. मोकळे राहतात ते कानच. त्या मोकळ्या कानांसाठी गेल्या पावसाळ्यापासून मी फिल्म फोटोग्राफीवरचे इंग्रजी पॉडकास्ट नेमाने ऐकते आहे, आणि त्यांतल्या सहांविषयी येथे लिहीत आहे.

सर्वप्रथम एक व्यावहारिक सूचना. फोन डार्करूममध्ये नेऊ नये. हे वाक्य सर्वांना ठाऊक असते आणि तरीही प्रत्येक जण एकदा तो नेतोच. मी फोन बाहेर ठेवून आत एक छोटा स्पीकर नेला आणि आपण शहाणपणाने वागलो अशा समजुतीत तीन रविवार घालवले. त्या तीन रविवारच्या कॉप्यांमधले पांढरे भाग किंचित मळकट येत होते. डेव्हलपर जुना झाला असेल, कागद शिळा असेल, अशा शंका घेत मी दोन्ही बदलले. शेवटी एका रात्री कागदाच्या तुकड्यावर रुपयाचे नाणे ठेवून तो दहा मिनिटे तसाच ट्रेजवळ राहू दिला आणि मग धुतला, तेव्हा नाण्याचा स्वच्छ पांढरा गोल आणि त्याभोवती फिकट करडा रंग दिसला. दोष स्पीकरवरच्या तांदळाएवढ्या निळ्या ठिपक्याचा होता. मल्टिग्रेड कागद निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असतो. त्याचा कॉन्ट्रास्ट कमीजास्त करता येतो तो याच गुणामुळे. माझा तो ठिपका अखंड तेवत होता. आता त्यावर काळ्या चिकटपट्टीचे तीन थर आहेत. ज्यांना काम करता करता ऐकायचे आहे, त्यांनी नाण्याची ही परीक्षा लाल दिव्याबरोबरच आवाजाच्या यंत्रालाही लावावी.

हे सहाही पॉडकास्ट फुकट ऐकता येतात. वर्गणी किंवा देणगी देण्याची सोय काहींनी ठेवली आहे, परंतु ती दिली नाही म्हणून कानांवर दार लावून घेणारा त्यांत कोणी नाही. म्हणून मोल पैशांत न मोजता वेळेत मोजणे भाग आहे. या क्षेत्रातल्या बोलण्याचा मोठा हिस्सा कॅमेऱ्यांविषयी असतो, आणि त्याचे कारणही उघड आहे. कॅमेऱ्याला नाव असते, साल असते, किंमत असते, आणि दोन माणसांकडे तोच कॅमेरा असला की तासभर बोलायला विषय मिळतो. डार्करूममधल्या कामाला अशी नावे नाहीत. एखाद्या कॉपीतला भिंतीवरचा करडा रंग अमुक इतका दाट का हवा होता, हे शब्दांत सांगणे कठीण आहे. तरीही जे हे सांगण्याचा प्रयत्न करतात आणि ज्यांचे ऐकून माझा हात ट्रेमध्ये अधिक जाणतेपणाने पडतो, त्यांना मी चांगले म्हणते. माझी कसोटी एवढीच आहे, आणि ती एकांगी आहे हे मला मान्य आहे.

‘फिल्म फोटोग्राफी पॉडकास्ट’ हा यांतला ज्येष्ठ. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातून मायकल रासो यांनी तो २००९ साली सुरू केला. त्या सालाचा अर्थ ध्यानात घेतला तर या कार्यक्रमाच्या स्वरातला हट्ट उमगतो. पोलरॉइडने त्याच्या आदल्या वर्षी इन्स्टंट फिल्मचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले होते. २००९ च्या जूनमध्ये कोडॅकने कोडाक्रोम ही रंगीत फिल्म बंद करत असल्याचे सांगितले. आणि २०१२ च्या जानेवारीत ती कंपनीच दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागायला न्यायालयात गेली. ज्या काळात शहाणी माणसे आपले एन्लार्जर भंगारात काढत होती, त्या काळात रासो आणि त्यांची मंडळी फिल्म किती मजेची असते हे एखाद्या जुन्या रेडिओ निवेदकाच्या उत्साहाने सांगत होती. पुढे २०१८ साली कोडॅकची एक्टाक्रोम आणि टी-मॅक्स पी ३२०० या फिल्म पुन्हा बाजारात आल्या, त्याचे श्रेय एका कार्यक्रमाला देणे वेडेपणाचे होईल. पण गिऱ्हाईक टिकवून धरणाऱ्या अनेक हातांपैकी एक हात यांचा होता, असे मानायला हरकत नाही.

या कार्यक्रमातला माझ्या उपयोगाचा भाग म्हणजे लेझ्ली लेझनबी यांचे बोलणे. ओहायोच्या या बाईंचा डार्करूमशी जुना घरोबा आहे आणि तो त्यांच्या बोलण्यातून जाणवतो. त्या रसायनाविषयी बोलतात तेव्हा स्वयंपाकघरातल्या अनुभवी बाईचा सूर लागतो: काय केव्हा घालायचे, घातल्यावर काय घडते, आणि घडले नाही तर कोठे पाहायचे. एखादा पदार्थ का घालायचा याचे कारण समजले की सूत्र आपोआप पाठ होते, आणि हे डी-७६ सारख्या डेव्हलपरच्या बाबतीत विशेष खरे आहे. १९२७ सालापासून चालत आलेल्या या डेव्हलपरमध्ये एका लिटरला २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि २ ग्रॅम बोरॅक्स असते. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. पूर्वी आपल्याकडच्या स्टुडिओंत तराजू घेऊन डेव्हलपर घरीच बनवत असत. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन हे प्रत्यक्ष काम करणारे, सल्फाइट त्यांना हवेपासून राखणारा आणि टाकणखार त्यांना चेतवणारा, एवढी कामाची वाटणी एकदा कानात बसली की पुडीवरची सूचना मंत्रासारखी पाळावी लागत नाही. मॅट मरॅश हे या मंडळीतले दुसरे सदस्य मोठ्या आकाराच्या फिल्मविषयी अशाच आपुलकीने बोलतात.

याच पॉडकास्टची एक बाजू मात्र ऐकणाऱ्याने भान ठेवून घ्यावी. कार्यक्रम आणि दुकान एकाच घरातले आहेत. त्यांच्या दुकानात नेहमीच्या फिल्मबरोबरच चित्रपटांच्या आणि तांत्रिक कामांच्या मोठ्या रिळांतून कापून भरलेल्या फिल्म आणि घरी रोल धुण्याची रसायने विकली जातात, आणि कार्यक्रमात त्यांचा उल्लेख वारंवार होतो. यात लपवाछपवी नाही. उलट लोकांकडून कॅमेरे दान घेऊन ते शाळांतल्या फोटोग्राफीच्या वर्गांना देण्याचा उपक्रमही हीच मंडळी चालवतात, त्यामुळे कमाईचे आणि कळकळीचे प्रमाण आपल्याला दिसत राहते. परंतु न्यू जर्सीच्या श्रोत्याला जी फिल्म सहज चाखून पाहण्याची वस्तू वाटते, ती टपालखर्च आणि सीमाशुल्क भरून पुण्यात येईपर्यंत सणासुदीची वस्तू झालेली असते. एका नव्या फिल्मचे वर्णन ऐकून मी रात्री साडेबारा वाजता ओल्या हाताने हिशेब मांडायला बसले आणि कागद डेव्हलपरमध्ये तीन मिनिटे पडून राहिला, हा दोष अर्थात माझाच.

‘सनी सिक्स्टीन पॉडकास्ट’ ब्रिटनमधला आहे. त्याचे नाव ज्या नियमावरून पडले तो नियम आपल्याकडच्या जुन्या फोटोग्राफरांना तोंडपाठ असे: लख्ख ऊन असेल तर अपर्चर (भिंगातले प्रकाशाचे छिद्र) एफ १६ ठेवावे आणि शटर फिल्मच्या वेगाइतके (ती प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्या आकड्याइतके), म्हणजे १०० च्या फिल्मला १/१०० किंवा त्याच्या जवळचे १/१२५ सेकंद. ज्या देशात लख्ख ऊन ही बातमी असते त्या देशातल्या माणसांनी हे नाव घ्यावे, यात त्यांचा विनोद आहे आणि कार्यक्रमाचा स्वभावही. एकमेकांची चेष्टा, पावसाची तक्रार, फसलेल्या रोलचे सविस्तर वर्णन, असे सगळे चालते. श्रोत्यांना स्वस्तातले कॅमेरे वापरायला लावणारी त्यांची ‘चीप शॉट्स चॅलेंज’ ही स्पर्धा मला फार आवडली, कारण तिने मला कपाटातला अग्फा क्लिक थ्री बाहेर काढायला लावला. १२० च्या फिल्मवर १२ चौकोनी फोटो काढणारा हा साधा कॅमेरा आपल्याकडे कितीतरी घरांत होता आणि बारशापासून साठीपर्यंतचे प्रसंग त्याने टिपले आहेत. या पॉडकास्टची उणीव सांगायची तर बोलण्याच्या ओघात अनेक जण एकदम बोलू लागतात, आणि नळाखाली कॉपी धरलेली असताना ब्रिटिश उच्चारातले विनोद निम्मे वाहून जातात. हा पॉडकास्ट डार्करूममध्ये ऐकण्यापेक्षा बसमध्ये ऐकावा.

माझ्या कसोटीवर सर्वांत खरे उतरतात ते दोन लहान पॉडकास्ट, आणि दोन्हींत अँड्र्यू बार्ट्रम हे नाव समान आहे. पहिला ‘लार्ज फॉरमॅट फोटोग्राफी पॉडकास्ट’. सायमन फॉर्स्टर आणि बार्ट्रम हे दोघे ब्रिटिश गृहस्थ ४ बाय ५ इंच किंवा त्याहून मोठ्या फिल्मवर काम करणाऱ्यांसाठी तो चालवतात. या प्रकारात एका फिल्मवर एकच फोटो निघतो. पडद्यावर उलटी दिसणारी प्रतिमा काळ्या कापडाखाली डोके घालून जुळवायची, मग फिल्मचा होल्डर सरकवायचा, झाकण काढायचे आणि मग कोठे शटर दाबायचे. इतका वेळ एका फोटोत घालवणारी माणसे साहजिकच पुढच्या कामाविषयीही तपशिलाने बोलतात. फिल्म ट्रेमध्ये धुवावी की टाकीत, दोन फिल्म एकमेकींना चिकटून ओरखडा कसा उठतो, आणि एन्लार्जर नसला तरी निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून वर साधा दिवा लावून कॉन्टॅक्ट कॉपी कशी काढता येते, हे त्यांचे विषय. त्यांच्या बोलण्यात घाई नसते. मधूनच एखादा शांततेचा क्षण येतो आणि दोघेही विचार करत आहेत असे वाटते; लाल दिव्याखाली बसलेल्या माणसाला तेवढी उसंत मानवते.

दुसरा ‘लेन्सलेस पॉडकास्ट’, म्हणजे भिंग नसलेल्या, केवळ टाचणीएवढ्या भोकातून प्रकाश घेणाऱ्या कॅमेऱ्यांविषयीचा. विषय ऐकून हा पोरखेळ वाटेल, आणि मलाही वाटला होता. परंतु फिल्मच्या किमतींनी मेटाकुटीला आलेल्या आपल्याकडच्या हौशी माणसाला या पॉडकास्टने जी वाट दाखवावी ती इतर कोणी दाखवली नाही. ती वाट म्हणजे कागदाची निगेटिव्ह. कॉपी काढण्याचा कागदच डब्यात बसवून त्यावर फोटो काढायचा. त्याचा वेग फिल्मच्या मानाने अगदी थोडा, आयएसओ ६ च्या आसपास, असतो. पण कागद लाल दिव्यात हाताळता येत असल्यामुळे तो कापणे, बसवणे आणि धुणे हे सगळे डोळ्यांदेखत करता येते. फिल्मसाठी लागणारा मिट्ट काळोख येथे लागत नाही. मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आतून काळा रंगवून, शीतपेयाच्या डब्याच्या पातळ पत्र्याला सुईने भोक पाडून गच्चीवर ठेवला. पहिल्या कागदावर काहीच आले नाही. दुसऱ्यावर सगळे काळे आले. तिसऱ्यावर पाण्याची टाकी, शेजारच्या इमारतीचा कठडा आणि दोरीवरची धुणी अशी निगेटिव्ह उमटली, आणि दोरीवरचे पांढरे धोतर कोळशासारखे काळे पाहून आमच्या सासूबाई न्हाणीघराच्या दारातूनच हसत परत गेल्या. त्या दिवशी खर्च झाला तो ५ बाय ७ च्या तीन कागदांचा.

‘निगेटिव्ह पॉझिटिव्ह्ज’ हा माईक गटरमन यांचा अमेरिकन पॉडकास्ट ऐकायला मोठा सबुरीचा माणूस हवा. श्रोत्यांचे निरोप आणि पत्रे हा त्याचा जीव आहे. कोणी तरी दूरच्या गावचा माणूस आपल्या मामाच्या मृत्यूनंतर सापडलेल्या कॅमेऱ्यातला रोल कसा धुतला हे सांगतो, आणि मग त्यावर सावकाश गप्पा होतात. एरवी मी हे ऐकले नसते. परंतु फायबरच्या कागदावर कॉपी काढली की ती वाहत्या पाण्यात सुमारे तासभर धुवावी लागते, कारण कागदाच्या तंतूंत शिरलेला हायपो निघाला नाही तर काही वर्षांनी कॉपी पिवळी पडते. प्लास्टिकचा लेप असलेल्या आरसी कागदाला हेच काम दोन मिनिटांत उरकते. फायबरच्या त्या तासात करण्यासारखे काही नसते आणि उठून जाण्यासारखेही नसते, आणि तेथे हा पॉडकास्ट अगदी चपखल बसतो. ‘अ‍ॅनालॉग टॉक’ या सहाव्या पॉडकास्टविषयी थोडक्यात सांगते: तो मुलाखतींचा आहे आणि त्याची गोडी पाहुण्यावर ठरते. प्रसिद्ध माणसांपेक्षा लॅब चालवणारी किंवा काही घडवणारी माणसे आली की तो रंगतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले तिच्याकडे वळते. हे सगळे पॉडकास्ट थंड पाण्याच्या देशांतले आहेत. ‘अडुसष्ट अंश’ हा आकडा अमेरिकन निवेदक आपल्याकडच्या ‘चवीनुसार मीठ’ इतक्या सहजतेने उच्चारतात. अडुसष्ट फॅरनहाइट म्हणजे आपले २० सेल्सियस. ब्रिटिश मंडळींची अडचण तर पाणी तापवण्याची असते; गॅरेजमध्ये हिवाळ्यात डेव्हलपर गार पडतो म्हणून ट्रेखाली शेगडी कशी ठेवावी, ही चर्चा मी एप्रिलच्या रात्री, गच्चीवरच्या टाकीतून चहाच्या कोमटपणाचे पाणी येत असताना ऐकली आहे. इल्फर्डची एचपी फाइव्ह प्लस ही फिल्म आयडी-११ डेव्हलपरमध्ये समभाग पाणी घालून धुवायची तर २० अंशांना १३ मिनिटे लागतात. २४ अंशांना हाच वेळ साधारण नऊ-साडेनऊ मिनिटांवर येतो, आणि ३० अंशांना तो आणखी बराच खाली उतरतो. इतक्या थोड्या वेळात डेव्हलपर ओतायला आणि काढायला लागणारी काही सेकंदेदेखील महत्त्वाची ठरतात, आणि आकाशाच्या सपाट भागात ढगळ पट्टे उमटतात. त्यातच गरम डेव्हलपरमधून काढलेली फिल्म घाईने बर्फाच्या पाण्यात टाकली तर जिलेटिन आकसून तिच्यावर सुरकुत्यांची जाळी पडू शकते. या अडचणींचे उत्तर सहांतल्या एकाही पॉडकास्टमध्ये मला मिळाले नाही. हा त्यांचा अपराध नव्हे. ज्याच्या घरी जे शिजते तेच तो वाढणार. पण मराठी वाचकाने त्यांच्या सूचना जशाच्या तशा उचलू नयेत, हे येथे स्पष्ट लिहिणे मला गरजेचे वाटते.

माझे उत्तर स्वयंपाकघरातून आले. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातले पाणी बाष्पीभवनाने इतके उतरते की पहाटे ते बावीस-तेवीस अंशांवर येते. डेव्हलपर, स्टॉप, हायपो आणि पहिले धुण्याचे पाणी या सर्वांच्या बाटल्या रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवल्या आणि धुण्यासाठी दुसरा माठ राखला, की सगळे एकाच तापमानाला राहते. २० अंशांचा हट्ट सोडावा आणि सर्व द्रावणे एकमेकांशी जुळलेली ठेवावीत, मग वेळ त्या मानाने कमी करावा. पावसाळ्यात हवा दमट झाली की माठ काम करेनासा होतो आणि मुंबईत किंवा कोकणात तर तो भर उन्हाळ्यातही फारसा चालणार नाही. तेथे बर्फाचे खडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बादलीत सोडावेत, द्रावणात थेट टाकू नयेत. आमच्या घरी आता एका माठावर खडूने ‘पिण्याचा नाही’ असे लिहिलेले असते.

हीच गोष्ट कॅफिनॉलची. इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा यांपासून डेव्हलपर बनवण्याचा हा प्रकार १९९५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या तंत्रज्ञान संस्थेत एका वर्गात जन्मला, क जीवनसत्त्व त्यात नंतर आले, आणि फिल्मविषयक पॉडकास्टांचा तो लाडका विषय आहे. एका लिटरला निर्जल सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्व १६ ग्रॅम आणि कॉफी ४० ग्रॅम असे त्याचे एक प्रचलित प्रमाण आहे. ते ऐकून कोणी लगेच डबा उघडील, म्हणून सांगते: या प्रमाणात शुद्ध इन्स्टंट कॉफी गृहीत धरलेली आहे, आणि आपल्याकडच्या अनेक पाकिटांत चिकोरीचा मोठा वाटा असतो. पाकिटाच्या पाठीवरची अक्षरे वाचावीत आणि आधी फिल्मचा एक तुकडा धुऊन पाहावा. वासाविषयी एकाही पॉडकास्टने पुरेशी ताकीद दिलेली नाही. सोड्यात पडलेल्या कॉफीला ओल्या गोणपाटासारखा वास येतो आणि तो दोन दिवस राहतो.

मला ऐकायचा आहे तो पॉडकास्ट मराठीतला आहे. आपल्याकडे फोटोग्राफीची भाषा घडलेली आहे, ती नव्याने घडवावी लागणार नाही. रोल ‘धुवायला टाकला’, कॉप्या ‘काढल्या’, निगेटिव्ह ‘पातळ आली’ किंवा ‘भरली’, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत. इंग्रजी निवेदक ज्या करड्या छटेपाशी अडखळतात तिच्यासाठी आपल्याकडे राखी, धुरकट, शिसवी, काजळी असे शब्द हाताशी आहेत. गावोगावच्या स्टुडिओंत पासपोर्टच्या कॉप्या काढत, निगेटिव्हवर पेन्सिलीने रीटचिंग करत, लग्नांच्या हंगामात रात्र रात्र लाल दिव्याखाली उभी राहिलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. १९६० साली उटीला स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ कागदाचा स्वभाव कसा होता, टंचाईत काय करत, एप्रिलमध्ये पाणी कसे गार करत, हे तेच सांगू शकतील. तो कारखाना आता बंद आहे. आणि त्याही मागे जायचे तर दादासाहेब फाळक्यांच्या घरी १९१३ च्या चित्रपटाच्या वेळी सरस्वतीबाई रात्री काळोखात कच्च्या फिल्मला भोके पाडत आणि ती धुवायच्या कामातही असत. एवढ्या माणसांचा स्वयंपाक उरकून, बोटांनी चाचपत, दिवा न लावता. त्या कामाचा आवाज कसा असेल, याची कल्पना मी पाटावर बसून अनेकदा केली आहे.

कोणी काय ऐकावे, हे विचारणाऱ्यांसाठी: ज्यांच्याकडे अजून काहीच नाही त्यांनी ‘लेन्सलेस’ने आरंभ करावा, कारण त्यात कमीत कमी खर्चात सर्वांत लवकर हात ओले होतात. रोल घरी धुऊ लागलेल्यांनी ‘फिल्म फोटोग्राफी पॉडकास्ट’च्या जुन्या भागांतून लेझनबी बाईंचे भाग शोधून काढावेत आणि दुकानाच्या उल्लेखांच्या वेळी ट्रे हलवत राहावे. कॉप्या काढणाऱ्यांना ‘लार्ज फॉरमॅट’ची संगत मानवेल, मग त्यांच्याकडे मोठा कॅमेरा असो वा नसो. मात्र टेस्ट स्ट्रिप पाहताना, म्हणजे एकाच कागदावर पाच-पाच सेकंदांच्या टप्प्यांनी प्रकाश देऊन त्यांतला योग्य टप्पा निवडताना, आवाज बंदच ठेवावा. कसबा पेठेतल्या एका वाड्याच्या जिन्याची निगेटिव्ह मी गेले दोन महिने छापते आहे. जिन्याखालचा काळोख हाताच्या सावलीने आठ सेकंद झाकायचा असतो, आणि ते आठ सेकंद मोजताना कानात कोणी आकडा उच्चारला की माझा आकडा हुकतो. असे दोनदा झाले आहे.

तिसरी कॉपी काल रात्री बरी आली. ती पाण्यात असताना ‘निगेटिव्ह पॉझिटिव्ह्ज’मध्ये पत्रे वाचणे चालू होते, आणि तासाचे अजून पस्तीस मिनिट उरले होते, म्हणून हात पुसून बाहेर आले आणि मीही त्यांना माठाविषयी एक पत्र लिहिले. त्यात माठ म्हणजे काय हे समजावायला एक अख्खा परिच्छेद गेला. तापमान दोन्ही मापांत दिले आहे: सेल्सियसचे २२, फॅरनहाइटचे जवळजवळ ७२.